खिशात एकच मल्टिटूल ठेवायचे, तर त्यात पक्कड हवी की कात्री?

तुम्ही विचारले आहे की रोज सायकलने कामावर जाताना आणि महिन्यातून एकदा दोन-तीन दिवसांच्या डोंगरभटकंतीला जाताना खिशात राहील असे एकच मल्टिटूल कोणते घ्यावे. तुमच्यासमोर दोन पर्याय आहेत. एक पक्कड असलेले, अठरा अवजारांचे, सुमारे २४० ग्रॅम वजनाचे. दुसरा ९१ मिलिमीटर लांबीचा, कात्री आणि करवत असलेला स्विस चाकू, जो १०० ग्रॅमच्या आत बसतो. पहिल्यात अवजारे जास्त, दुसऱ्यात वजन कमी, आणि परीक्षणे वाचून गोंधळ आणखी वाढला, असे तुम्ही लिहिले आहे. मी २२ वर्षे डोंगरात गट घेऊन जातो आणि त्या गटांच्या सामानाची वाटेवरची दुरुस्ती बहुतेक माझ्याच हातून होते, त्यामुळे या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो.

अवजारांची संख्या मोजायची सोडून द्या. प्रत्येक मल्टिटूलमध्ये एक अवजार यजमान असते आणि बाकीची त्याच्या घरी पाहुणी असतात. यजमान अवजाराच्या सोयीने मूठ, बिजागरी आणि वजन ठरते; पाहुण्यांनी उरलेल्या जागेत भागवून घ्यायचे असते. पक्कड यजमान असेल, तर मुठीचे दोन भाग उलटून तिचे दांडे व्हावे लागतात, त्यामुळे मूठ जाड आणि कोनेदार होते, आणि त्याच मुठीने पाते धरून अर्धा तास लाकूड तासले तर तळहात दुखतो. पाते यजमान असेल, तर मूठ हातात गोल बसते, कात्री आणि टोच्या नीट चालतात, पण जोर लावून काही पकडायची सोय राहत नाही. तेव्हा तुम्हाला खरे ठरवायचे आहे ते एवढेच, की तुमच्या कामांना यजमान कोण हवा.

ही दोन घराणी जन्मली तीच दोन वेगळ्या गरजांतून. स्वित्झर्लंडच्या सैन्याला १८९०च्या सुमारास सैनिकांसाठी असा घडीचा चाकू हवा होता, ज्याने डबाबंद अन्न उघडता येईल आणि नव्या श्मिट-रुबिन रायफलीचे स्क्रू सोडवता येतील. म्हणून त्यात पाते, टोच्या, डबा उघडणी आणि स्क्रूड्रायव्हर एवढेच होते. इबाख गावच्या कार्ल एल्सनर यांनी १८९१ पासून हे चाकू पुरवायला सुरुवात केली, १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या चाकूची नोंदणी केली, आणि आजचा लाल चाकू त्याच वंशातला आहे. दुसरे घराणे बरेच अलीकडचे. टिम लेदरमन हे अमेरिकी गृहस्थ १९७५ मध्ये पत्नीसह युरोपात एका जुन्या फियाट मोटारीतून फिरत होते. मोटार सारखी बिघडत होती, राहण्याच्या ठिकाणचे नळ गळत होते, खिशात चाकू होता आणि दर वेळी उणीव भासत होती ती पकडीची. त्यांनी घडीची पक्कड बनवली, १९८० मध्ये तिचे पेटंट मिळाले आणि १९८३ मध्ये ती बाजारात आली. मोटार आणि नळ या मूळ गरजा लक्षात ठेवल्या, की पकडीच्या मल्टिटूलचे बलस्थान कुठे आहे ते आपोआप समजते. जिथे धातूचे बिघडते, तिथे ते शोभते.

यापुढचे बरेचसे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ते मी इथून ठरवू शकत नाही. तुमच्या हाताचा पंजा केवढा आहे, नखे कशी आहेत (पात्यावरच्या खाचेत नख अडकवून ते उघडावे लागते, आणि थंडीत बोटे बधिर झाली की हे फार जड जाते), तुम्ही हातमोजे घालता का, पँटचा खिसा सैल आहे की घट्ट, तुम्ही एकटे जाता की सोबत्यांपैकी कोणाकडे आधीच पक्कड असते, या सगळ्याने उत्तर बदलू शकते. त्यामुळे माझे तर्क पाहा आणि तुमच्या बाबतीत एखादा लागू नसेल तर तिथे माझे मत बाजूला ठेवा.

तुम्ही दिलेल्या कामांपैकी सायकल आधी यादीतून काढून टाका. सायकलवरचे बहुतेक स्क्रू अ‍ॅलन कीचे (षटकोनी टोकाच्या किल्लीचे) असतात, आणि नेहमीच्या मल्टिटूलमध्ये अ‍ॅलन की नसते. जे नट असतात त्यांना योग्य मापाचा पाना लागतो. पकडीने नट पिळला की तिचे दाते नटाच्या कोपऱ्यांवरून घसरतात, कोपरे गोल होतात आणि मग घरी गेल्यावर पानासुद्धा त्यावर बसत नाही. स्पोक आणि गिअरची तार कठीण पोलादाची असते. ती मल्टिटूलच्या तारकापणीत घातली तर तार तुटेल किंवा न तुटेल, पण धारेवर खाच नक्की पडेल. काही नव्या मॉडेलांत ही तारकापणी बदलता येते, ते चांगलेच आहे, पण म्हणून ती मुद्दाम खराब करायची नसते. सायकलसाठी अ‍ॅलन कीचा छोटा जुडगा सीटखालच्या पिशवीत कायमचा ठेवा आणि हा विषय इथेच संपवा. एक सावधगिरी याच ओघात सांगतो: मल्टिटूलची मूठ धातूची आणि उघडी असते, तिच्यावर विद्युतरोधक आवरण नसते. प्रवाह चालू असलेल्या तारेला ते कधीही लावू नका.

आता पकडीची कामे पाहू. डोंगरातल्या मुक्कामात पक्कड नेमकी कशाला लागते? वाकलेली मेख सरळ करायला, गरम भांड्याची कड धरायला, जाड पट्ट्यात अडकलेली सुई ओढून काढायला, आणि सर्वांत जास्त वेळा तंबूची चेन दुरुस्त करायला. चेनचे काम जरा बारकाईने सांगतो, कारण ते अनेकांना माहीत नसते आणि बरेच जण त्यापायी अख्खा तंबू टाकून देतात. रनर ओढला तरी त्याच्या मागे दात उघडेच राहत असतील, तर दोष सहसा दातांचा नसतो. रनरच्या वरच्या आणि खालच्या पत्र्यांमधली फट झिजून रुंद झालेली असते, त्यामुळे दात एकमेकांत पुरेसे दाबले जात नाहीत. रनर चेनच्या सुरुवातीला आणायचा, त्याची मागची, म्हणजे जिथून दात जुळून बाहेर पडतात ती बाजू घ्यायची, आणि दोन्ही पत्रे पकडीच्या टोकात धरून आधी डावीकडे, मग उजवीकडे अगदी किंचित दाबायचे. दाबले की ओढून पाहायचे, गरज असेल तरच पुन्हा दाबायचे. हा रनर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. एकदम जोर केला तर तो वाकत नाही, सरळ तडकतो. पावसात, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात मी हे काम कितीतरी वेळा केले आहे आणि पक्कड नसती तर ती रात्र सगळ्यांना भिजत काढावी लागली असती, याची मला पूर्ण जाणीव आहे.

तरीही मी पक्कड घ्या असे म्हणत नाही, याचे कारण या सगळ्या कामांत एक गोष्ट समान आहे: ती मुक्कामावर, सामान उघडलेले असताना येतात. चालता चालता, वाटेत उभ्या उभ्या पक्कड लागल्याचे मला क्वचितच आठवते. म्हणजे पक्कड सोबत असायला हवी, पण ती खिशात असण्याची गरज नाही.

खिशाचा हिशोब निराळा आहे. २४० ग्रॅमचे, बोटभर जाडीचे पोलाद पँटच्या खिशात घालून सायकल चालवून पाहा. दर पायडलला ते मांडीवर आपटते. आठवडाभरात ते खिशातून बॅगेत जाते, महिन्याभरात बॅगेतून कपाटात. पट्ट्याला अडकवायच्या म्यानात ते बरे राहते, पण पाठपिशवीचा कंबरपट्टा नेमका त्याच जागी येतो आणि चढावर ते हाडाला टोचते, म्हणून तिथूनही ते निघते. जी माणसे दिवसभर यंत्रांवर किंवा मंचाच्या प्रकाशयोजनेवर काम करतात, त्यांच्या कमरेला मोठे मल्टिटूल कायम दिसते, कारण त्यांना ते दिवसातून वीस वेळा लागते आणि त्यांच्या कमरेवर दुसरे ओझे नसते. तुमचे तसे नाही.

मग रोजच्या खिशातून खरोखर काय बाहेर येते? माझ्या अनुभवात पहिला क्रमांक कात्रीचा, दुसरा पात्याचा, आणि तिसरा चपट्या किंवा स्टार स्क्रूड्रायव्हरचा. कात्रीबद्दल लोक बेफिकीर असतात, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो. डोंगरात सर्वांत जास्त माणसे थांबतात ती पायाला फोड आल्यामुळे. फोड येणार असे वाटताच त्या जागी चिकटपट्टी लावायची असते, आणि ती पट्टी टिकवण्याची युक्ती एवढीच की तिचे चारही कोपरे कात्रीने गोल कापायचे. चौकोनी कोपरा मोज्याला घासून तासाभरात उचलला जातो, मग पट्टी गोळा होऊन स्वतःच टोचू लागते. गोल कापलेली पट्टी दिवसभर बसून राहते. हे काम पात्याने होत नाही. पट्टी पात्याला चिकटते, ओढली जाते, आणि हलत्या गुडघ्यावर उघडे पाते चालवणे मला मुळीच पसंत नाही. औषधाच्या पाकिटाची पट्टी, उसवलेला दोरा, तुटके नख, कपड्यातली लेबले, कुरिअरच्या पिशव्या, ही सगळी कात्रीची कामे आहेत. शिवाय दहा माणसांत कात्री काढली तर कोणी दचकत नाही, पाते काढले तर दचकतात. रोजच्या वापरात हा मुद्दा लहान नाही.

स्विस चाकूतील आणखी दोन गोष्टी लोकांना निरुपयोगी वाटतात, पण मला त्यांची खूप मदत झाली आहे. बूच काढण्याचा पिळदार स्क्रू मी बाटलीसाठी फारसा वापरत नाही. ओल्या दोरीची घट्ट बसलेली गाठ सोडवायला त्याच्यासारखे साधन नाही. टोक गाठीच्या फटीत घालून फिरवत न्यायचे आणि हलकेच ओढायचे, दोरीला इजा न होता गाठ सैल होते. आणि त्याच पिळात चष्म्याच्या स्क्रूसाठीचा एक इवलासा स्क्रूड्रायव्हर बसवता येतो, तो वेगळा मिळतो. चष्मा वापरत असाल तर तो आवर्जून घ्या. डबा उघडणीचे टोक लहान चपट्या स्क्रूड्रायव्हरचे असते आणि ते मध्यम मापाच्या स्टार स्क्रूमध्येही बसते, त्यामुळे स्वतंत्र स्टार स्क्रूड्रायव्हर नाही म्हणून हळहळायचे कारण नाही. खोल भोकात बसवलेला स्क्रू मात्र दोन्ही घराण्यांतील मल्टिटूलला जड जातो, कारण मूठ मध्ये येते.

करवतीबद्दल दोन शब्द. या मापाची करवत अंगठ्याएवढ्या जाडीच्या वाळक्या फांदीसाठी उत्तम आहे. मनगटाएवढ्या फांदीसाठी ती नाही. तुमच्या भटकंतीत लाकूड कापायची वेळच येत नसेल, तर करवत नसलेला, म्हणून आणखी बारीक असलेला नमुना घ्या. खिशात प्रत्येक थराची जाडी जाणवते.

आता सुरक्षिततेचा मुद्दा. पकडीच्या बहुतेक मोठ्या मल्टिटूलची पाती उघडल्यावर खटक्याने अडकतात. ९१ मिलिमीटरच्या स्विस चाकूत खटका नसतो; मागच्या स्प्रिंगच्या ताणाने पाते उघडे राहते आणि उलट्या दिशेने जोर आला तर मिटते. यात काही वाईट नाही, पण ते विसरायचे नाही. मी एकदा पाठपिशवीच्या पट्ट्याला टोच्याने भोक पाडत होतो. पट्टा मांडीवर ठेवून सरळ दाबत होतो, टोच्या आत शिरता शिरता तिरका झाला, मिटला आणि तर्जनीच्या मधल्या सांध्यावर बसला. टोच्याची एक कड धारदार असते हे त्या दिवशी नीट कळले. त्या सांध्यावर आजही पांढरी रेघ आहे. तेव्हापासून मी खाली लाकडाचा तुकडा ठेवतो, टोच्या दाबत नाही तर गिरमिटासारखा दोन्हीकडे फिरवतो, आणि तो मिटला तर माझी बोटे त्याच्या वाटेत येणार नाहीत अशी मूठ धरतो. गटात कोणालाही चाकू देताना मी आधी एवढे करून दाखवतो. ज्यांना टोचण्याची किंवा लाकूड तासण्याची कामे वारंवार असतात, त्यांनी खटक्याचे हत्यारच घ्यावे.

मात्र खटक्याचा कायद्याशीही संबंध येतो. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंत धार असलेला, घडीचा आणि खटका नसलेला चाकू सार्वजनिक ठिकाणी बाळगायला कारण द्यावे लागत नाही. खटक्याचा चाकू मात्र सबळ कारणाशिवाय बाळगणे गुन्हा ठरतो. जिथे राहता आणि जिथे जाता, तिथला नियम आधी वाचून घ्या. विमानाने जाताना पाते असलेले मल्टिटूल हातातल्या बॅगेत नेऊ नका, चेक-इनच्या सामानात टाका. रोज खिशात असणारी वस्तू घरून निघताना आठवत नाही आणि सुरक्षा तपासणीत ती कायमची जाते.

पोलादावर परीक्षणांत फार शाई खर्च होते. थोडक्यात सांगायचे तर धार टिकणे आणि धार सहज लावता येणे या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट जातात. स्विस चाकूचे पाते रॉकवेल या कठीणपणाच्या मापावर ५६च्या आसपास कठीण केलेले असते, कात्री आणि करवत ५३च्या, आणि स्प्रिंग ४९च्या, कारण स्प्रिंगला वाकून परत यायचे असते, जास्त कठीण केली तर ती तुटेल. एकाच चाकूत इतका विचार केलेला असतो. ५६चे पाते पुठ्ठे कापून लवकर बोथट होते हे खरे, पण साध्या दगडावर पाच मिनिटांत ते पुन्हा धारेवर येते आणि त्याची धार सहसा कपच्या होऊन उडत नाही. अधिक कठीण पोलादाची पाती महिनोन्‌महिने टिकतात, पण बोथट झाली की हिऱ्याची कानस हवी आणि सवयीचा हात हवा. ज्यांनी आजवर स्वतः धार लावलेली नाही, त्यांना मी मऊ पोलादच सुचवतो.

कोणतेही मल्टिटूल घेताना हातात घेऊन पाहता आले तर जरूर पाहा. पक्कड मिटवून उजेडासमोर धरा. टोके नेमकी भिडली पाहिजेत. पातळ कागद टोकात धरून ओढा, तो निसटता कामा नये. मूठ पूर्ण जोराने दाबा आणि पत्र्याची कड तळहाताला कापते का ते अनुभवा, कारण खरे काम त्याच जोराने होणार आहे. कात्रीने पातळ कागद अगदी टोकाशी कापून पाहा. मुळाशी सगळ्याच कात्र्या कापतात. उघडे पाते दोन बोटांत धरून बाजूंना हलवा, खडखडत असेल तर ठेवून द्या. मिटलेल्या पात्याचे टोक मुठीबाहेर डोकावते का, हेही पाहा. नावाजलेल्या नमुन्यांच्या हुबेहूब नकला भरपूर आहेत. माझ्या एका सोबत्याने असेच एक स्वस्त मल्टिटूल आणले होते. शेगडीचा नट आवळताना त्याच्या पकडीचा एक जबडा बिजागरीपाशी मोडला, आणि मोडलेला भाग पाहिला तर आत ओतकामाचा भुसभुशीत, दाणेदार धातू होता. मोडले ते मुक्कामाच्या पहिल्याच संध्याकाळी, आणि पुढचे दोन दिवस आम्ही गार अन्नावर काढले.

तर तुमच्यासाठी माझे उत्तर असे: खिशासाठी ९१ मिलिमीटरचा, कात्री आणि करवत असलेला स्विस चाकू घ्या. हंट्समन या नावाने मिळणारा नमुना ९७ ग्रॅमचा आहे आणि तुमच्या वर्णनाला तो बसतो. करवत नको असेल तर त्याच मापाचा क्लाइंबर घ्या. पकडीसाठी, तंबूच्या दुरुस्तीच्या पिशवीत सुई, जाड दोरा आणि चिकटपट्टीसोबत निमुळत्या टोकाची एक छोटी साधी पक्कड ठेवा. ती घडीची असण्याची काही गरज नाही, आणि तेवढ्याच वजनात साधी पक्कड घडीच्या पकडीपेक्षा नेहमीच जास्त मजबूत असते. तरीही ‘एकच म्हणजे एकच’ असा तुमचा आग्रह असेल, तर २१० ग्रॅमच्या आसपासचे, मुठीच्या कडा गोल असलेले आणि चांगली कात्री असलेले पकडीचे मल्टिटूल निवडा, मात्र ते सायकलच्या पिशवीत राहील, खिशात नाही, हे आधीच मान्य करून निवडा. कात्री नसलेले पकडीचे मल्टिटूल, त्यात इतर कितीही अवजारे असोत, तुमच्या उपयोगाचे नाही.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येक अवजार रोज एकदा उघडून मिटवा, म्हणजे अंधारात कोणते कुठे आहे हे बोटांना कळेल. कडीला भडक रंगाची वीतभर दोरी बांधा; मूठ लाल असली तरी पाचोळ्यात पडलेला चाकू सापडत नाही, दोरी सापडते. डोंगरातून आल्यावर कोमट पाण्यात थोडा साबण घालून सगळी अवजारे पाण्याखाली चार-पाच वेळा उघडून मिटवा, म्हणजे बिजागरीतली माती निघून येते. मग पूर्ण कोरडे करून प्रत्येक बिजागरीत पातळ तेलाचा एक थेंब सोडा, आणि त्याच पात्याने फळे कापणार असाल तर ते तेल खाण्यात चालणारे असू द्या. धार लावताना पाते दगडाशी १५ ते २० अंशांत धरा, दोन्ही बाजूंना सारखेच फटके द्या, आणि विजेवर फिरणाऱ्या सहाणेला लावायला कोणाच्या हाती देऊ नका. ठिणग्या उडतात तेव्हा धारेचे पोलाद तापून निळे पडते, त्याचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरते, आणि त्यानंतर त्या जागी धार पुन्हा कधीच टिकत नाही.